परळचा मुक्काम आणि घरचा आजारी कुत्रा

मुंबईच्या परळ भागात दोन इस्पितळे अशी आहेत की, एकातून निघून दुसऱ्यात पायी जाता यावे. एक १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय, ज्याच्या दारात देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले कर्करोगी आणि त्यांचे नातलग कागदपत्रांच्या पिशव्या सांभाळीत उभे असतात. आणि दुसरे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ, ज्याला जुने मुंबईकर अद्याप बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात आणि ज्याच्या जोडीने मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून नांदत आहे. परंतु मालक एका इस्पितळात आणि त्याचा कुत्रा हाकेच्या अंतरावर दुसऱ्यात, असा योग क्वचितच येतो. चिपळूण किंवा सावंतवाडीहून किरणोपचारासाठी आलेला मनुष्य आठवड्यातून पाच दिवस, आणि असे पुष्कळदा पाच ते सात आठवडे, यंत्राखाली हजेरी लावण्यासाठी धर्मशाळेत मुक्काम करून असतो; आणि त्याचा म्हातारा, हृदयविकाराने खंगलेला पॉमेरेनियन घरच्या ओटीवर पुतण्याच्या हवाली असतो.

अशा रुग्णाने आपल्या व्याधीबरोबर कुत्र्याच्या व्याधीचीही काळजी वाहावी, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते. “आधी स्वतःचं बघा, कुत्र्याचं काय घेऊन बसलात!” हा उपदेश त्याला वॉर्डात, रांगेत आणि चहाच्या टपरीवर सारख्याच तत्परतेने मिळतो. (श्वानाला सोडून स्वर्गात पाऊल ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या युधिष्ठिराचा दाखला येथे कोणी देत नाही, अर्थात त्याची अडचण तुलनेने सोपी होती, कारण श्वान त्याच्या बरोबर चालत होता.) उपदेश सद्हेतूचा असला तरी वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्यांवरील भार मोजण्यासाठी तयार झालेली प्रश्नावली थोडा फेरफार करून २३८ पशुपालकांना लावली. त्यांपैकी निम्म्यांचे प्राणी जीर्ण अथवा दुर्धर रोगाने ग्रस्त होते आणि निम्म्यांचे निरोगी. पहिल्या गटातील माणसांवरील भार, त्यांचा ताण आणि विषण्णता व चिंता यांची लक्षणे स्पष्टपणे अधिक आढळली. कुत्र्याचे आजारपण हे, मोजमापाच्या भाषेत बोलायचे तर, घरातल्या माणसाच्या आजारपणाच्या जातीचे ओझे आहे.

हे ओझे मनापुरते राहत नाही. ज्या प्रसंगाची काळजी करायची तो प्रसंग घडण्यापूर्वीच, आणि पुष्कळदा तो मुळीच न घडतासुद्धा, शरीर आपली सारी संरक्षणयंत्रणा जागी ठेवते. नाडी जलद राहते, रक्तदाब चढा राहतो, कॉर्टिसॉल हे संप्रेरक पाझरत राहते आणि झोपेची मुदत आखूड होत जाते. ओहायो येथील जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली केलेला प्रयोग या संदर्भात वारंवार सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटर व्यासाची छोटीशी जखम मुद्दाम करून ती भरून येण्यास किती दिवस लागतात, हे पाहिले गेले. सेवा करणाऱ्यांच्या जखमा भरण्यास सरासरी ९ दिवस अधिक लागले. यावरून काळजीने कर्करोग बळावतो असा निष्कर्ष कोणी काढील तर तो सर्वस्वी अनुचित ठरेल. पण किरणांनी होरपळलेल्या त्वचेच्या आणि अन्न नकोसे झालेल्या माणसाला निर्वेध झोप मिळावी, ही काही चैन नव्हे, एवढे मान्य करण्यास हरकत नसावी.

ही माया एकतर्फी आहे काय? जपानमधील अझाबू विद्यापीठात मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांनी २०१५ साली दाखविले की, कुत्रा आणि धनी एकमेकांच्या डोळ्यांत दीर्घकाळ पाहत राहिले म्हणजे दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिनचे प्रमाण वाढते. माणसांच्या हाताखाली वाढलेल्या लांडग्यांत ही गोष्ट दिसली नाही. तेव्हा धनी नसल्याचे कुत्र्याला जाणवते, याविषयी वाद नको. मात्र तो किती दिवस झाले हे मोजत बसतो, ही कल्पना आपली आहे. स्वीडनमधील एका प्रयोगात अर्ध्या तासाने परतलेल्या धन्यापेक्षा दोन तासांनी परतलेल्याचे स्वागत कुत्र्यांनी अधिक उत्कटतेने केले. परंतु दोन तास आणि चार तास यांत त्यांनी फरक केला नाही. धर्मशाळेतला मनुष्य कॅलेंडरवरचा प्रत्येक दिवस कुत्र्याच्या नावे जमा करीत असतो, त्या हिशेबाला कुत्र्याची रुजवात मिळत नाही. मला तरी यात पुष्कळ दिलासा वाटतो.

खरा छळ करते ती अनिश्चितता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळावयास दिला होता: पडद्यावरील दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. साप निघणार की नाही याची शक्यता नेमकी निम्मी असताना खेळणाऱ्यांचा घाम, त्यांच्या डोळ्यांची बाहुली आणि त्यांची स्वतःची कबुली या तिन्हींनी ताणाचा उच्चांक दाखविला; झटका बसणारच हे पक्के ठाऊक असलेले लोक त्यांच्या मानाने स्वस्थ होते. आता संध्याकाळी जिन्यात उभ्या असलेल्या रुग्णाचे घराशी चाललेले संभाषण ऐकावे. “जेवला का रे तो?” “जेवला थोडंसं, काका.” “खोकतोय का?” “खोकतो अधूनमधून.” “बरा आहे ना पण?” “बराय, बराय, तुम्ही नका काळजी करू.” फोन बंद होतो, आणि दगडाखाली साप आहे की नाही हे काकांना पूर्वीइतकेच ठाऊक असते.

यावरचा इलाज पशुवैद्यकशास्त्राने तयार ठेवला आहे आणि त्यास एक पैसाही पडत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांत, विशेषतः लहान चणीच्या जातींत, सर्वाधिक आढळणारा हृदयविकार म्हणजे डाव्या बाजूची झडप जाड व वेडीवाकडी होऊन रक्त उलटे गळू लागणे. हा विकार पुढे गेला की फुप्फुसात पाणी साठू लागते, आणि त्याची पहिली चाहूल बहुधा खोकल्यापेक्षाही श्वासांच्या संख्येत लागते. कुत्रा गाढ झोपला असता त्याच्या बरगड्या एकदा वर येऊन खाली गेल्या म्हणजे एक श्वास. असे श्वास घड्याळ लावून ३० सेकंद मोजावेत आणि दुप्पट करावेत. गाढ झोपेतील हा आकडा सामान्यतः मिनिटाला ३० च्या आत असावयास हवा. जागेपणी, उन्हातून आल्यावर किंवा जीभ बाहेर काढून धापा टाकीत असता मोजलेला आकडा निरुपयोगी. स्वप्नात पाय झाडीत, कुंई कुंई करीत असेल तर तेही संपू द्यावे. कोकणच्या उकाड्यात फरशीवर पंख्याखाली पसरलेल्या कुत्र्याचे श्वास रात्री दहाच्या सुमारास मोजणे हे कोणाही शाळकरी मुलाला जमण्यासारखे काम आहे. यासोबत दोन गोष्टींचा बंदोबस्त असावा: लघवी वाढविणारे औषध चालू असलेल्या कुत्र्यास तहान फार लागते, म्हणून त्याचे पाण्याचे भांडे कधी रिकामे राहू नये, आणि शेजाऱ्यांनी लाडाने घातलेला पापड किंवा फरसाण निग्रहाने बंद करावे, कारण मीठ पाणी धरून ठेवते. औषधाच्या मात्रेत फेरफार मात्र पशुवैद्यावाचून कोणीही करू नये, परळहून फोनवर काकांनी तर नाहीच नाही.

राहिला प्रश्न वाईट बातमीचा. आपल्या घरांतून अशा वेळी लपवालपवी करण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यामागे प्रेमच असते. पण ज्याला एकदा खोटे “बराय” सांगितले गेले, तो पुढच्या प्रत्येक खऱ्या “बराय”वरही संशय घेतो, आणि निम्म्या शक्यतेच्या त्याच यातनेत परत जाऊन पडतो. म्हणून घरी राहिलेल्यांना एवढीच विनंती: रोजचा आकडा तारीख घालून वहीत लिहा, ठरलेल्या वेळी तो जसाच्या तसा परळला कळवा, आणि तो ३० च्या वर जाऊन तेथेच टिकू लागला, तर आधी पशुवैद्याला गाठा आणि त्याच दिवशी काकांनाही सांगा.