डोहाळे आणि धूर

‘डोहाळे’ हा शब्द आपण जितक्या कौतुकाने उच्चारतो, तितक्या बारकाईने त्याच्या अर्थाकडे पाहत नाही. संस्कृतातील ‘दौहृद’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, तेव्हा स्त्री दोन हृदयांची होते आणि तिच्या मुखाने गर्भच आपली इच्छा बोलून दाखवितो, अशी सुश्रुताची कल्पना. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा संकोचाने काही मागत नाही, म्हणून राजा दिलीप तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारीत राहतो की, राणीस काय हवे आहे. एवढ्या मोठ्या राजाची ही विचारपूस आम्हांस नेहमीच गोड वाटत आली आहे.

आपल्याही घरांतून ही विचारपूस होते. चिंच येते, कैरी येते, सातव्या महिन्यात फुलांची वाडी भरून डोहाळजेवण होते. परंतु एक डोहाळा असा आहे की जो गर्भवती बहुधा बोलून दाखवीत नाही. तो म्हणजे स्वच्छ हवेचा. पतीच्या सिगारेटचा किंवा सासऱ्यांच्या विडीचा वास तिला सहन होत नाही. पण हे सांगावे कोणाला? २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील दर १०० प्रौढांपैकी सुमारे ३९ जणांना स्वतःच्या घरातच दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर सोसावा लागतो, असे आढळले. त्यांत अशा न बोलणाऱ्या स्त्रिया किती असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पती धूर ओढतो आणि भोग पत्नीच्या वाट्याला येतो, ही गोष्ट ठळकपणे जगापुढे आली ती १९८१ साली. ताकेशी हिरायामा या जपानी शास्त्रज्ञाने स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती अभ्यासली. ज्यांचे पती अधिक धूम्रपान करीत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाले. पण पुढील संशोधनाने त्यास दुजोराच दिला.

गर्भाच्या बाबतीत हे कसे घडते, ते थोडक्यात पाहू. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात. त्यांपैकी कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. तो जेवढी जागा अडवितो, तेवढा प्राणवायू कमी पोहोचतो. वारेवाटे तो गर्भाच्या रक्तातही जातो आणि तेथे आईच्या रक्तापेक्षाही काहीसा अधिक साचतो. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि तेही वार ओलांडून जाते. आपण ज्यास पोषण म्हणतो ते रक्तातूनच जात असल्याने, एका हाताने बदाम-दूध द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याची वाट अरुंद करावयाची, असा हा प्रकार होतो.

परिणाम अतिशयोक्तीने सांगण्याची गरज नाही. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या, पण दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने तीस-पस्तीस ग्रॅमने कमी भरते, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो. ‘एवढेच ना?’ असे कोणी म्हणेल. परंतु जे बाळ आधीच अशक्त मातेच्या पोटी काठावर उभे आहे, त्याला हे तीस ग्रॅमही काठाखाली लोटू शकतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका अशा मातांत सुमारे एकपंचमांशाने वाढलेला दिसतो. मृत बालक जन्मण्याचा धोकाही वाढतो. जन्मानंतर धुराच्या घरात राहणाऱ्या तान्ह्या मुलांत श्वसनाचे विकार, कानाचे दुखणे आणि झोपेत अकस्मात होणारा मृत्यू यांचे प्रमाण अधिक असते.

पित्याचा संबंध तर गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू होतो. पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात आणि धूम्रपानाने त्यातील आनुवंशिक द्रव्यास इजा पोहोचते. म्हणून अपत्याचा विचार मनात येताच, निदान तीन महिने आधी, विडी-सिगारेट सुटलेली असावी हे उत्तम. ती वेळ टळली असली तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. गर्भाच्या वजनातील मोठी भर शेवटच्या तीन महिन्यांत पडते. त्यामुळे ज्या दिवशी घरातील धूर थांबेल, तो दिवस बाळाच्या लाभाचाच.

आमच्या शाळेत एक तरुण शिक्षक होते. दिवसाला सात-आठ सिगारेटी. पत्नीस दिवस गेल्यापासून ते गच्चीवर जाऊन ओढीत आणि आपण पथ्य पाळतो, असे प्रामाणिकपणे मानीत. घरात ओढण्यापेक्षा हे बरेच बरे, यात शंका नाही. परंतु धुराचा अंश कपड्यांवर, केसांवर, बोटांवर बसून घरात येतोच. त्यांची पत्नी सहा महिने काही बोलली नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, तेव्हा तिने सांगितले की, यांचा सदरा जवळ आला की मला मळमळते. ओट्यावर सासरे विडी ओढीत, त्याविषयी तर तिने तेथेही मौन पाळले. शिक्षकांनी हे आम्हांस सांगितले तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता : मी सोडीन, पण वडिलांना कसे सांगू?

प्रश्न खरा आहे. आपल्या घरांत मुलगा वडिलांसमोर सिगारेट ओढीत नाही. वडीलधारे दिसले की ती पाठीमागे लपवितो. ही मर्यादा आपण पिढ्यान्पिढ्या सांभाळली. ती मर्यादा येणाऱ्या जिवासाठीही पाळावी, एवढेच मागणे आहे. आम्ही त्यांना म्हटले, ‘आधी तुमची सुटू द्या, मग बोला, आणि सूनबाईंना मध्ये घेऊ नका.’ त्यांनी सोडली, दोनदा पुन्हा धरली, तिसऱ्यांदा मात्र ती सुटली. मग एके दिवशी त्यांनी वडिलांना सारे सांगितले. म्हातारबुवांनी उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांची विडी ओटा सोडून परसाच्या पार टोकाला गेली. मुलीचे वजन किती भरले, ते आम्ही येथे देत नाही, कारण एका वजनावरून सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे. घरातील बोलणे मोकळे झाले, हे मात्र आम्ही पाहिले.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एक दिवस ठरवावा आणि आदल्या रात्री घरातील पाकिटे, काड्यापेट्या, रक्षापात्रे काढून टाकावीत. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोपमोड दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तल्लफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, एक फेरी मारावी. गरज भासल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगगम किंवा औषधे मिळतात. १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावरही छापलेला असतो. तेथे समुपदेशन मिळते. पाय घसरला तर पुन्हा आरंभ करावा. पत्नीला मात्र पहारेकरी नेमू नये.

विडी सोडून गुटखा किंवा जर्दा धरणे ही सुटका नव्हे. आणि मशेरीविषयीही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण ती आपल्याच घरांत भाजली जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

आमच्या सीमाभागात तंबाखूविरुद्ध लिहिणे सोपे नाही. निपाणीच्या परिसरातील किती घरांच्या चुली या पिकावर आणि विडीवर पेटल्या! १९८१ साली येथील शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी केलेले आंदोलन अनेकांच्या स्मरणात असेल. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. आमचे म्हणणे घरातल्या धुरापुरते आहे. गोव्याने १९९७ साली सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा २००३ चा आणि त्याखालचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासूनचे. बसमध्ये, कचेरीत आज विडी पेटविता येत नाही. पण कायदा उंबरठ्याशी थांबतो. आतले राज्य गृहस्थाचे.

त्या राज्यात करण्यासारखे आणखीही आहे. तपासणीला पत्नीसोबत जावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भारपणात १८० दिवस घ्यावयाच्या असतात, त्या संपल्या की नाही हे पाहावे. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी गेली की पती एकटा पडतो आणि सुटलेली सवय पुन्हा डोके वर काढते. त्या दिवसांत पडदे, पांघरुणे धुवावीत, भिंतींना रंग द्यावा. बाळ घरी येईल, तेव्हा त्याचा पाळणा बांधावयाच्या खोलीला धुराचा वास नसावा.