हवाई अंतर व प्रवासकाल

हवाई अंतर व प्रवासकाल : दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले लघुतम अंतर म्हणजे हवाई अंतर आणि ते कापण्यास विमानाला लागणारा वेळ म्हणजे प्रवासकाल होय. अंतर कायम असते. प्रवासकाल मात्र विमानाचा प्रकार, वारा व विमानतळावरील वर्दळ यांनुसार बदलतो. लहान पल्ल्याच्या प्रादेशिक मार्गांवर त्यामुळे केवळ अंतरावरून वेळेचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

पृथ्वी गोलाकार असल्याने लघुतम मार्ग बृहद्‌वृत्ताचा (ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळाचा) कंस असतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ (१८° ३५′ उ., ७३° ५५′ पू.) व नागपूरचा सोनेगाव विमानतळ (२१° ०५′ उ., ७९° ०३′ पू.) यांमधील असे अंतर सु. ६०५ किमी. (सु. ३२७ सागरी मैल) भरते, रस्त्याने ते ७०० किमी.हून अधिक आहे. तथापि विमान नेमके या रेषेवरून जात नाही. लोहगावची धावपट्टी साधारणपणे पूर्व-पश्चिम आहे आणि उड्डाण वाऱ्यास सामोरे जाऊन करावयाचे असते. साहजिकच पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असता विमान प्रथम नागपूरकडे पाठ करून झेपावते व मग वळते.

जेट विमानाच्या ताशी सु. ८०० किमी. वेगाने ६०५ किमी.ला भागल्यास ४५ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास दिलेला असतो. वेळापत्रकातील काळ विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामी उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, तेथील प्रतीक्षा, आरोहण व अवरोहण हे भाग अंतर घटले तरी फारसे घटत नाहीत. पूर्ण वेगाचे समतल उड्डाण या मार्गावर जेमतेम अर्धे असते. मुंबई–कोल्हापूर (सु. ३१० किमी.) यांसारख्या मार्गावर तर ते त्याहूनही अल्प असल्याने ताशी सु. ५०० किमी. वेगाचे पंखायुक्त टर्बाइन विमान जेटपेक्षा काही मिनिटेच मागे पडते आणि इंधनही कमी जाळते.

हिवाळ्यात उच्च थरांतील पश्चिमी वारे प्रबळ असतात. हवेच्या सापेक्ष ताशी ७५० किमी. वेगाच्या विमानाला ताशी १०० किमी. वारा अनुकूल असल्यास ३०० किमी.च्या समतल टप्प्यास सु. २१ मिनिटे व प्रतिकूल असल्यास सु. २८ मिनिटे लागतात. म्हणजे जाताना झालेला लाभ परतताना पुरता वजा होऊन थोडी तूटच येते.

अंतराचा असा हिशेब सार्वजनिक सोयीसाठी कसा वापरता येतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची विमान टपाल सेवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत व पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. या शहरांपासून नागपूर सु. ६८५ ते ९८५ किमी. अंतरावर आहे. त्या काळच्या डाकोटा विमानांचा वेग आजच्या जेटच्या निम्म्याहूनही कमी होता. तरी एका रात्रीत जाणे-येणे साधे, ते नागपूरच्या मध्यवर्ती स्थानामुळेच.

२०१७ मध्ये प्रत्यक्ष सुरू झालेल्या ‘उडान’ या प्रादेशिक हवाई योजनेत सु. ५०० किमी. वा एक तासाच्या उड्डाणासाठी काही आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले. नांदेड–हैदराबाद (सु. २४५ किमी.) हा तिच्या आरंभीच्या मार्गांपैकी एक. इतक्या लहान मार्गावर विमानतळ गाठण्याचा व तपासणीचा अवधी उड्डाणाच्या वेळेहून अधिक होतो. त्यामुळे प्रवाशाची खरी बचत शेजारचा रस्ता वा लोहमार्ग किती चांगला आहे, यावर ठरते.