किडीचा वैरी, शेताचा सोबती

दिल्लीच्या करोल बागेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पुसा रोड परिचित आहे. परंतु पुसा हे मूळ नाव दिल्लीचे नव्हे, बिहारमधील एका गावाचे. तेथे १९०५ साली निघालेल्या कृषी संशोधन संस्थेची इमारत १९३४ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली ती संस्था दिल्लीस आली. तिच्या संग्रहांत एकीकडे कीटकांचे नमुने आहेत, तर दुसरीकडे बुरशींचे. वाचकहो, या दोन सृष्टींची गाठ जेथे पडते, तेथे आज आपण डोकावून पाहू.

शिळ्या भाकरीवरची बुरशी आपण पाहतोच. कीटकांवर वाढणाऱ्या बुरशीची रीत निराळी. तिचा बीजाणू कीटकाच्या अंगाला चिकटून रुजतो आणि त्याचे कवच भेदून आत शिरतो. तो कीटकाच्या पोटात जाण्याची गरजच नसते. काही दिवसांत कीटक मरतो आणि हवा दमट असल्यास त्याच्या मृत देहावर नव्या बीजाणूंची पांढरी किंवा हिरवी भुकटी उगवते. कोळ्यांवर वाढणाऱ्या बुरशीही आहेत.

रेशमाच्या किड्यांचा पांढरा रोग बुरशीमुळे होतो, हे इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली दाखवून दिले. जी बुरशी रेशीम बुडवते, तिच्याच जातीची दुसरी पिकाला का तारणार नाही? १८७९ साली मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने गव्हावरील भुंगेऱ्यांवर हिरव्या बुरशीचे प्रयोग केले.

तीच हिरवी बुरशी, मेटाऱ्हायझियम, आज महाराष्ट्रात उसावरील हुमणीसाठी वापरली जाते. हुमणी जमिनीत राहून मुळे कुरतडते. वरच्या फवाऱ्याने ती सहजी सापडत नाही. म्हणून ही बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्याच्या जमिनीत घालतात.

मात्र हा सोबती सजीव आहे. त्याला कडक ऊन सोसत नाही, बुरशीनाशक औषधाशी त्याचे जमत नाही आणि रासायनिक विषाइतका त्वरित परिणाम तो दाखवीत नाही. पांढरी बुरशी तर तुतीच्या मळ्याजवळ वापरूच नये; तेथे ती रेशमाच्या किड्यांचा घात करील.

गावी ऊस असलेल्या भावाला पत्र लिहाल, तेव्हा एवढे अवश्य कळवा: पांढरी भुकटी चढलेली मेलेली अळी दिसली, तर ती लगेच जाळू नये. कदाचित शेताचा सोबती न बोलावताच आला असेल.