शाळेचा दर्जा आणि पंधरवड्याची भेट

शिक्षणसंस्थेचा दर्जा हा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम कागद येतात: निकालपत्रके, तपासणीचे अहवाल, मान्यतेचे दाखले. हे कागद निरुपयोगी आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने आपल्या महाविद्यालयांस आत्मपरीक्षणाचा अहवाल लिहावयास शिकविले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही २००७ साली धर्मपीठाच्या विद्यापीठांचा दर्जा पाहण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. तेव्हा मूल्यमापन ख्रिस्तसभेस परके नाही. प्रश्न इतकाच की, वर्गात जे घडते ते अहवालात उतरते काय आणि अहवालात जे लिहिले जाते ते वर्गापर्यंत परत पोहोचते काय?

१९८३ च्या विधिसंहितेतील ८०६ वे कलम या दृष्टीने मननीय आहे. धर्मप्रांतातील कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा आणि त्यांना भेट देण्याचा महागुरुस्वामींचा हक्क त्यात सांगितला आहे. त्याच कलमाने शाळाचालकांवर एक कर्तव्यही टाकले आहे: आपल्या शाळेतील शिक्षण परिसरातील इतर शाळांपेक्षा कमी प्रतीचे असू नये. भेट आणि दर्जा या दोन गोष्टी एकाच कलमात आल्या आहेत, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ज्याने वर्ग पाहिलाच नाही, त्याने दर्जाची ग्वाही कशाच्या आधारे द्यावी?

ही दृष्टी आपल्या भूमीत नवी नव्हे. आजचा मुरगाव तालुका पूर्वी साष्टीत मोडत असे आणि साष्टीतील धर्मकार्य येशूसंघीयांकडे होते. १५९९ साली येशूसंघाने आपल्या सर्व विद्यालयांसाठी अध्ययनाची नियमावली प्रसिद्ध केली. ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ हे तिचे नाव. खालच्या वर्गांच्या अध्ययनप्रमुखाने प्रत्येक शिक्षकाचे अध्यापन निदान पंधरवड्यातून एकदा वर्गात बसून ऐकावे, असा तिच्यात नियम आहे. नव्या शिक्षकाने आधीच्या शिक्षकाची पद्धत टिकवावी, म्हणजे वारंवार शिक्षक बदलल्याची तक्रार बाहेरचे लोक करणार नाहीत, हेही अध्ययनप्रमुखानेच पाहावयाचे. चारशे वर्षांपूर्वीच्या या दोन नियमांत दर्जा-व्यवस्थापनाचे सार आले आहे: नियमितपणे पाहणे आणि जे चांगले आहे ते व्यक्तीबरोबर निघून जाऊ न देणे.

मुरगावातील सांकवाळ गावाशी संत जोसेफ वाझ यांचे नाव जोडलेले आहे. हे त्यांचे पितृग्राम. १६७६ साली गुरुदीक्षा झाल्यावर त्यांनी येथे सेमिनरीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिन शाळा उघडली. त्या काळी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे अध्ययन लॅटिनमधून चाले. तो पाया कच्चा राहिला तर पुढचे सारे शिक्षण डळमळीत होई. पुढे लंकेत, डच अंमलामुळे धर्मगुरूंवाचून राहिलेल्या श्रद्धावंतांत, त्यांनी आपल्या अनुपस्थितीत प्रार्थना व धर्मशिक्षण चालविणारे स्थानिक लोक नेमले आणि त्या वस्त्यांना ते पुनःपुन्हा भेट देत राहिले. धर्मशिक्षक नेमणे हे अर्धे काम. त्याच्याकडे परत जाणे हे उरलेले अर्धे. २०१५ साली ज्यांना संतपद मिळाले, त्यांच्याकडून आपण निदान इतके तरी शिकावे.

आज मुरगावातील धर्मग्रामांच्या शाळांपुढे वेगळे आव्हान आहे. वास्कोच्या बंदरामुळे आणि रेल्वेमुळे येथे अनेक प्रांतांतील कुटुंबे वसली. एकाच बाकावर कोकणी, मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुले बसतात. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमाशी जोडले गेले आणि २०११ साली ते इंग्रजी माध्यमासही खुले झाले. या दोन निर्णयांच्या निमित्ताने माध्यमावर पुष्कळ वाद झाला. परंतु माध्यम कोणतेही असो, मुलास वाचता येते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. ग्रामीण भारताच्या २०१८ च्या ‘असर’ पाहणीत पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. ही मुले वर्गावर्गातून पुढे सरकत होती आणि हजेरीपटावर त्यांची नावे बिनचूक होती.

म्हणून शाळेचे व्यवस्थापक असलेल्या धर्मगुरुबंधूंस आमची सूचना अशी. पंधरवड्यातून एकदा एका वर्गात मागच्या बाकावर शांतपणे बसावे. हुशार मुलाचे उत्तर ऐकून समाधान मानू नये. जो हात वर करीत नाही, त्याच्या वहीकडे पाहावे. तास संपल्यावर शिक्षकाशी एकांतात बोलावे, मुलांसमोर कदापि नव्हे. दहा दोष सांगण्यापेक्षा एकच सुधारणा मिळून ठरवावी: उदाहरणार्थ, मागे पडलेल्या पाच मुलांकडून रोज चार ओळी मोठ्याने वाचून घेणे. पुढील भेटीत तेवढेच पाहावे. जे साधले ते नोंदवहीत लिहावे, म्हणजे शिक्षक बदलला तरी ते टिकेल. अशा भेटीची शिक्षकाला प्रारंभी भीती वाटेल. भेटीमागे शिक्षेचा नव्हे, साह्याचा हेतू आहे हे अनुभवास आले की तीच भीती विश्वासात पालटते.

धर्मशिक्षकांसही हेच लागू आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार मुलांनी एका सुरात म्हटला, एवढ्यावरून शिकवण रुजली असे ठरत नाही. एखाद्या मुलास त्यातील एका वाक्याचा अर्थ त्याच्या घरच्या भाषेत सांगावयास लावावे. मग खरी परीक्षा होते.

उत्तम मेंढपाळ हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव मागे ठेवून निघतो, हे आपण व्यासपीठावरून वारंवार सांगतो. शाळेच्या निकालपत्रकात मात्र आपण नव्व्याण्णव उत्तीर्णांचा आनंद मानतो. ख्रिस्ती शाळेचा दर्जा त्या शंभराव्या मुलावरून ठरतो आणि ते मूल कोठे बसते हे वर्गात गेल्यावाचून कळत नाही.