दोन्ही खांद्यांवर पदर

मैत्रिणींनो, अंबाजोगाईत आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यात एक नवी सून येते. गळा असा की हातातले टाळ थांबावेत! नवरात्रात तिनं देवीपुढे माइकवर एकटीनं गावं, असं सगळ्यांनी ठरवलं. पण सासूबाई म्हणाल्या, "मंडळात गाऊ द्या. माइकवर नको. लोक काय म्हणतील?"

समजवायला मी गेले. भांडायचं नव्हतं, म्हणून त्यांना एक गोष्ट सांगितली, हिराबाई बडोदेकरांची.

हिराबाईंचा जन्म 1905 सालचा, मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई बडोद्याच्या सरदार माने घराण्यातल्या. 1922 मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरात पाच लेकरं आणि जमाना तो! पण मुलांचं गाणं त्यांनी थांबू दिलं नाही. हिराबाई उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकल्या. भाऊ सुरेशबाबू माने, बहीण सरस्वती राणे, दोघांनीही गाण्यात नाव काढलं.

तेव्हा बाईनं चारचौघांत गाणं म्हणजे नावं ठेवायला निमित्त. घरंदाज बायकांनी ते ऐकायला जाणंसुद्धा कठीण. त्या काळात हिराबाई दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, तंबोरे मागे ठेवून, शांतपणे बैठकीवर बसून गायल्या. हावभाव नाहीत, नखरा नाही, नुसता सूर. तिकीट लावून गाण्याचा जाहीर जलसा करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. आईनं काढलेल्या नाटक मंडळीत त्यांनी कामं केली. पुरुषांनी स्त्रियांच्या भूमिका करायचा तो जमाना, त्यात या बाईनं बाईचीच भूमिका केली! आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंवरच्या चित्रपटातही त्या होत्या. 1970 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1989 साली त्या गेल्या. त्यांच्याकडे शिकलेल्या डॉ. प्रभा अत्रे यांना 2022 मध्ये पद्मविभूषण मिळालं. म्हणजे एकीनं वाट काढली की मागचीला ती सोपी होते.

सासूबाई गहू निवडत ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "लग्नाआधी मीपण गायचे. इथं आल्यावर कुणी विचारलंच नाही."

मी गप्प झाले. त्यांना समजावायला गेलेली मी; पण इतक्या वर्षांच्या शेजारात मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

निघताना त्या म्हणाल्या, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे अर्धा होकार. उरलेला अर्धा मिळवायला मी उद्या परत जाणार आहे. पण आधी त्यांनाच एक ओवी म्हणायला सांगीन.

तुमच्याही घरात असा एखादा गप्प झालेला गळा असेल. आज एकदा विचारून तर बघा.