सातबाऱ्याच्या दोन तारखा

मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत वाढलेल्या मुलांना सातबारा नवा नाही. घरात हाताने लिहिलेला जुना उतारा असेल तर नीट पाहा. मालक बदलला म्हणून आधीचे नाव पुसलेले नसते. त्याला कंस केलेला असतो आणि जवळच वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की बदल केव्हा व कशामुळे झाला ते सापडते.

संगणकाच्या ऑब्जेक्ट डेटाबेसपुढे हाच प्रश्न असतो. तेथे शेत ही एक 'वस्तू'. तिची ओळख कायम. मालक, पीक, क्षेत्र हे तिचे बदलते गुणधर्म. जुन्या माहितीवर नवी लिहिली तर जागा वाचते, पण इतिहास जातो. जुनी आवृत्ती राखली तर तिला तारीख हवी. एक पुरेल, असे तुम्ही म्हणाल. पाहू या.

समजा, गट क्रमांक 58 चे मालक 3 मार्च 2019 रोजी वारले. वारसांची नोंद मंडळ अधिकाऱ्यांनी 20 नोव्हेंबरला प्रमाणित केली. मधल्या जुलैत काढलेल्या उताऱ्यावर अर्थातच वडिलांचे नाव आले. पुढे मुलगी विचारते, "जुलैत माझा हक्क होता का?" होता, वारसाहक्क मृत्यूपासूनच सुरू होतो. मग जुलैचा उतारा खोटा? तोही नाही. दप्तराला तेव्हा तेवढेच ठाऊक होते. (सूर्यावरची घटनाही आपल्याला सुमारे 8 मिनिटांनी दिसते!)

केवळ मार्चची तारीख ठेवली तर उतारा देणारा लबाड ठरतो; केवळ नोव्हेंबरची ठेवली तर मुलीचे साडेआठ महिने बुडतात. म्हणून प्रत्येक आवृत्तीला दोन काळ जोडतात: घटनेचा आणि नोंदीचा. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेच्या 2011 च्या मानकात दोन्हींची सोय झाली.

आवृत्त्या साचतात, हे खरे. पूर्वी सातबाऱ्याची वही भरली की नव्या वहीत चालू नावेच उतरवीत. जुनी वही तहसिलीच्या अभिलेख कक्षात जाई. संगणकातही जुन्या आवृत्त्या स्वस्त, संथ साठ्यात हलवतात. मात्र दुवा तुटता कामा नये. गट 58 चे 58/1 आणि 58/2 झाले, तर दोन्ही नव्या वस्तूंत मूळ 58 चा पत्ता हवा. तो नसेल तर जुनी आवृत्ती कपाटात सुखरूप असूनही कोणाला सापडत नाही.

घरी वारस नोंदीचा फेरफार असेल, तर त्यातल्या या दोन तारखांतले अंतर मोजून पाहा.