सुटलेले पोट हे सुबत्तेचे लक्षण नव्हे

लठ्ठ माणूस म्हणजे 'खात्यापित्या घरचा' हा समज आपल्या समाजात अजून पक्का आहे. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते ते वेगळेच. हातपाय बारीक, पण पोट पुढे आलेले. वय तिशीचे आणि रक्तदाब वाढलेला. अशा तरुणाला कोणी लठ्ठ म्हणत नाही आणि तोही तपासणीला जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि १९ टक्के पुरुष जादा वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ आणि २३ टक्क्यांवर गेले. हा हिशोब बीएमआय २५ च्या पुढचा आहे. बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. भारतीयांसाठी मात्र डॉक्टर २३ लाच जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा मानतात.

असे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुणे जिल्ह्यातील गावांत त्यांच्या गटाने गरोदर माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे ब्रिटिश बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून होती. गरोदरपणी आईला पुरेसे पोषण मिळाले नाही तर बाळाची घडणच अशी होते. अर्धपोटी राहून मजुरी केलेल्या आपल्या आई-आजींची आठवण इथे यायला हवी. लठ्ठपणाला केवळ आळस म्हणणे आम्हाला म्हणूनच पटत नाही.

त्यात आजचे जगणे. अभ्यासिकेत दहा-बारा तास बसणारी मुले चहा आणि वडापाववर दिवस काढतात. कारण डाळ, अंडी, फळे यांपेक्षा तेच स्वस्तात पोट भरते. रात्रपाळी, अपुरी झोप, ताण यांनीही वजन वाढते. थायरॉइडचे विकार, पीसीओएस किंवा स्टेरॉइडसारखी औषधे हीसुद्धा कारणे असतात.

पोटातली चरबी यकृताभोवती आणि यकृतातही साठते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, फॅटी लिव्हर, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे, काही प्रकारचे कर्करोग असा हा धोका आहे.

उपचाराबाबत एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे येतो. बुद्ध त्याची चेष्टा करत नाहीत; खाण्यातली मात्रा सांगणारी एक गाथा म्हणतात. राजा ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावतो आणि रोज जेवताना म्हणून घेतो. त्याचा आहार हळूहळू कमी होतो. आजचे डॉक्टरही हेच सांगतात: हळूहळू आणि कोणाच्या तरी सोबतीने. वजन ५ ते १० टक्के घटले तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडतो. गोड चहा, थंड पेये, तळलेले कमी. डाळी, उसळी, भाज्या जास्त. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे. महागड्या पावडरींच्या नादी लागू नये. २०२५ पासून आपल्याकडे वजन कमी करणारी नवी इंजेक्शने आली आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत, आणि बंद केल्यावर वजन बहुधा परत वाढते. फार जास्त लठ्ठपणात शस्त्रक्रियेचा पर्याय असतो.

जयंतीनिमित्त आरोग्य शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राबरोबर शिंप्याची टेपही ठेवावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजायचे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर आला, तर साखर तपासून घ्यावी. तिशीपुढच्यांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.